बोटीवर ती काय म्हणाली

सिनेमा जपानी होता आणि मी तो मुद्दाम निवडला होता. समुद्राकाठच्या लहान गावातला एक फोटोग्राफर, त्याची बायको, आणि त्याने वर्षानुवर्षं काढलेले तिचे फोटो, एवढीच त्यातली गोष्ट. ती भाजी चिरत असते, तो फोटो काढतो. ती तापाने फणफणलेली असते, तो फोटो काढतो. वडिलांना पोचवून ती स्मशानातून परत येते तेव्हाही हा दारात कॅमेरा घेऊन उभा. पुढे त्याची प्रदर्शनं होतात, नाव होतं. तिच्या फोटोखाली मात्र फक्त 'पत्नी' एवढंच लिहिलेलं. मी तो पहिल्यांदा लॅपटॉपवर पाहिला तेव्हा अर्ध्यातच थांबवला आणि पत्रकाचा मसुदा लिहायला बसले.

पत्रकं हा आमच्या घरचा जुना रोग आहे. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कारकून होते आणि युनियनचं सगळं लिखाण त्यांच्याकडे असायचं. छापायचं ते हिंदीत, पण विचार करायचे मराठीत, म्हणून पहिला मसुदा मराठीत व्हायचा. ते मसुदे घरातच राहायचे. फडताळात डब्यांखाली तेच, माझ्या पाटीऐवजी तेच. झाशीत घराबाहेर मराठी वाचायला मिळण्याची सोय नव्हती. शाळेत हिंदी, गल्लीत बुंदेली, मित्रमैत्रिणींना 'भैया' आणि 'जिज्जी'. माझ्याबरोबरची आमची मराठी मुलं मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. मी मराठी वाचायला शिकले ती बाबांच्या मसुद्यांवरून. त्यामुळे साधं खुशालीचं पत्र मला अजून धड लिहिता येत नाही. मागणी लिहिता येते.

महिन्यातून एका रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही सिनेमा दाखवतो. आमच्या मराठी मंडळींच्या जुन्या वाचनालयाचा हॉल आहे, तिथे पांढरी चादर ताणायची, मागून आणलेला प्रोजेक्टर लावायचा. वीसेक माणसं येतात. सबटायटल इंग्रजीत असतात आणि ती भराभर वाचणं निम्म्या लोकांना जमत नाही, म्हणून मी चादरीशेजारी खुर्ची टाकून बसते आणि संवाद मोठ्याने सांगत जाते, थोडे मराठीत, थोडे हिंदीत. शेवटी प्रत्येकाच्या हातात त्या सिनेमावरचं पत्रक. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी.

त्या रविवारी पहिल्या रांगेत खंडेराव गेटजवळचे स्टुडिओवाले काका आणि काकू येऊन बसले. ते याआधी कधी आले नव्हते. 'फोटोग्राफरचा सिनेमा' एवढं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. काका सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. काकू त्यांच्याहून चारपाच वर्षांनी लहान. झाशीतल्या मराठी घरांत ज्या ज्या मुलीचं लग्न जमवायचं असेल तिचा फोटो त्यांच्याच स्टुडिओत निघून ग्वाल्हेर-इंदूरला गेलेला आहे. त्या स्टुडिओची एक रीत होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. दिवे काकू लावायच्या. पदर काकू सारखा करायच्या, हनुवटी बोटाने उचलून मान किती वळवायची ते काकू सांगायच्या, कॅमेऱ्यात डोकावून सगळं जागेवर आहे की नाही तेही काकूच बघायच्या. मग त्या हाक मारायच्या, "अहो, या." काका मागच्या खोलीतून यायचे, बटण दाबायचे आणि परत जायचे. नंतर चेहऱ्यावरचे डाग काढायचं काम पुन्हा काकूंचं. पूर्वी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने, आता कॉम्प्युटरवर माउसने.

त्यांना पाहून मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला, कारण पत्रकाचा शेवटचा परिच्छेद असा होता: 'जपान लांब नाही. आपल्या खंडेराव गेटपाशी एक स्टुडिओ आहे. तिथे दिवे एक बाई लावते, माणसं एक बाई बसवते, चेहरे एक बाई दुरुस्त करते. नवरा येऊन फक्त बटण दाबतो. पाटीवर नाव कुणाचं आहे ते जाऊन बघा. याला शोषण म्हणतात.' साठ प्रती मानिक चौकातून काढून आणल्या होत्या आणि त्या माझ्या मांडीवर होत्या. पत्रकं न वाटता परत नेता आली असती. पण छापलेलं मागे घ्यायचं नाही असं लहानपणापासून ऐकत आले होते, आणि मला ते तत्त्व फार आवडायचं.

सिनेमाच्या मध्यावर एक बोटीचा प्रसंग आहे. दोघं पलीकडच्या बेटावर निघालेले असतात. ती डेकवर बसलेली, वाऱ्याने केस तोंडावर येतात, तो कॅमेरा उचलतो. ती त्याच्याकडे बघून दोन वाक्यं बोलते. मी हॉलला सांगितलं, "ती म्हणते, बस झालं आता. तू मला कधी पाहिलंच नाहीस."

मागून कुणीतरी "सही बात" म्हणालं. मला फार बरं वाटलं.

ती तसं म्हणालीच नव्हती.

शेवटी पत्रकं वाटली. काकांनी दोघांचं मिळून एकच घेतलं आणि उभ्याउभ्या, चष्मा कपाळावर चढवून पूर्ण वाचलं. घडी घातली, खिशात ठेवली, काकूंना म्हणाले, "चल." माझ्याकडे पाहिलंही नाही.

सोमवारी सकाळी स्टुडिओवरची पाटी खाली उतरली होती. काकांनी स्वतः स्टुलावर चढून काढली होती. भिंतीवर तेवढा चौकोन स्वच्छ राहिला होता. शटर बंद. काका वरच्या मजल्यावर घरात जाऊन बसले होते आणि काकूंना म्हणाले होते, "जिचं आहे तिनं उघडावं."

काकूंनी उघडलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. परीक्षेच्या फॉर्मचे दिवस होते. पोरंपोरी फोटोसाठी यायची, शटरकडे बघायची आणि समोरच्या मोबाइलच्या दुकानात जायची, जिथे पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून अर्ध्या मिनिटात काम होतं. मी त्या रस्त्याने दोनदा स्कूटीवरून गेले. दुसऱ्यांदा काकू वर खिडकीत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि आत गेल्या.

गुरुवारी जेवताना मी बाबांना सांगितलं. वाटलं, ते माझ्या बाजूने बोलतील.

"तिला विचारलं होतंस?" बाबा म्हणाले.

"लिहिलेलं खोटं आहे का?"

"खरंखोटं मी विचारत नाही. तिला विचारलं होतंस का?"

"तुम्हीच म्हणता, छापलेलं मागे घ्यायचं नाही."

"साहेबासमोर. साहेबावर लिहिताना साहेबाला विचारत नाहीत. पण आपल्यातल्या माणसाचं दुःख लिहायचं तर आधी त्याची सही लागते. मी सहीशिवाय एक कागद लिहिला नाही." त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "आणि तिला दुःख आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"दिसतंय की."

"मग ते जाऊन तिला सांग. दिसतंय म्हणून."

मी शुक्रवारी गेले. जिना चढले तर काकू दारातच तांदूळ निवडत बसलेल्या. आतल्या खोलीतून टीव्हीचा मोठा आवाज येत होता.

"चप्पल बाहेर काढ," काकू म्हणाल्या. "क्रांतीसुद्धा बाहेरच ठेव."

मी बसले. काय म्हणायचं ते जिन्यात पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"ते माझ्याबद्दल होतं ना?" त्यांनीच सुरू केलं. "मग मला का नाही दाखवलंस? शेजारणीने वाचलं, डॉक्टरांकडच्या कंपाउंडरने वाचलं. मी सगळ्यात शेवटी. ह्यांच्या खिशातून काढून."

"चुकलं, काकू."

"चुकलं म्हणून काय होतंय? आता मी शटर उघडलं तर तू लिहिलंस ते खरं ठरतं, ह्यांनी माझं काम हिसकावलं होतं आणि मी ते परत घेतलं. गाव तेच म्हणणार. नाही उघडलं तर काम गेलं. पंधरा दिवस शटर खाली राहिलं की लोक दुसरीकडे वळतात बेटा, परत येत नाहीत. मी काय करू मग? तांदूळ निवडू?" त्यांनी ताटातला खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. "मला काम पाहिजे. तुझ्या कागदावर ते कुठेच नाहीये. मला काम आवडतं हे."

खरोखर नव्हतं ते. एका पानात मी त्यांचे कष्ट लिहिले होते आणि त्यांना त्यात आनंद असेल ही शंकासुद्धा घेतली नव्हती.

"आणि एक सांग. ती बोटीवर काय म्हणाली?"

"कोण?"

"कोण काय. सिनेमातली. तू म्हणालीस, बस झालं म्हणाली, मला पाहिलंच नाहीस म्हणाली. ती रागावली नव्हती." काकूंनी माझ्या दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं. "राग आला की इथे येतो. चेहरा झाकता येतो, हे झाकता येत नाही. मी चाळीस वर्षं हेच पुसत बसले आहे. तिचं इथे साफ होतं. दमली होती, आणि जराशी गंमत वाटत होती तिला. अशी बाई 'बस झालं' म्हणत नाही."

इंग्रजी एक अक्षर न वाचता त्यांनी मला पकडलं होतं.

"ती तसं म्हणाली नाही," मी म्हणाले. "मी बदललं."

"का?"

"पत्रकाला बसत नव्हतं म्हणून."

काकूंनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि ती नवऱ्याला अरेतुरे करत होती, तेही तुझंच का?"

"तेही माझंच."

"तरीच." त्या उठल्या. "उद्या दुपारी ते यंत्र घेऊन ये. ह्यांच्यासमोर लाव. आणि आहे तसं वाच."

शनिवारी दुपारी दोनला मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसले. काकू समोर. काका खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून, पेपर उघडून. त्यांना सिनेमा बघायचा नव्हता, फक्त खुर्ची तीच लागत होती.

मी एकेक वाक्य थांबवून सांगायला लागले. कळलं नाही तर कळलं नाही असं म्हणायचं, भर घालायची नाही, असं ठरवलं होतं. इतकं कठीण काम मी आधी कधी केलं नव्हतं. प्रत्येक वाक्याला माझी जीभ शिवशिवायची. नवरा म्हणतो, "जरा खिडकीकडे बघ," तर तेवढंच सांगायचं, त्याला हुकूम सोडायला लावायचं नाही. दहा मिनिटांत मला दिसलं की पहिल्या वेळी मी ठिकठिकाणी त्याचा आवाज चढवला होता आणि तिचे विनोद गाळले होते. ती विनोदी बाई होती. माझ्या हॉलला ते कळलंच नव्हतं.

पंधराव्या मिनिटाला पेपरामागून आवाज आला. "एवढा उजेड खिडकीतून येत नाही. बाहेरून दिवा लावलाय."

"तुम्ही पेपर वाचा," काकू म्हणाल्या.

"वाचतोय."

थोड्या वेळाने, "असा धरला तर हलणार कॅमेरा."

"तुम्हाला पाठीला डोळे आहेत का?"

काकांनी खुर्ची वळवली. पेपर मांडीवरच राहिला.

बोट आली. वारा, केस, त्याने उचललेला कॅमेरा. मी थांबवलं आणि वाचलं तसं सांगितलं. "ती म्हणते, काढायचा तर काढा. पण मग थोडा वेळ इथे माझ्या जागी येऊन बसा, मला तिकडून बघू द्या."

"परत लाव," काका म्हणाले.

मी परत लावलं. त्यांनी ते तीनदा बघितलं. कुकरची शिट्टी झाली तरी काकू उठल्या नाहीत.

"मलाही काढायचे होते," काकू म्हणाल्या. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"काय?"

"फोटो."

"कधी बोललीस?"

"पहिल्याच वर्षी बोलले. तुम्ही म्हणालात, बाईने कॅमेरा धरला तर गिऱ्हाईक काय म्हणेल."

"म्हणालंच असतं तेव्हा."

"तेव्हा. आणि नंतर?"

काकांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "नंतर मला वाटलं, तुला दिवे आवडतात."

"आवडतात."

"मग?"

"मग दोन्ही आवडतं. माणसाला दोन गोष्टी आवडू नयेत का?"

काका माझ्याकडे वळले. आता माझी पाळी आहे हे मला कळलं. "'फक्त बटण दाबतो' असं लिहिलंस. फक्त. कधी दाबायचं ते कळायला मला दहा वर्षं लागली. पापणी पडायच्या आधी दाबावं लागतं."

"ते चुकलं, काका. न बघता लिहिलं," मी म्हणाले. मग मला राहवलं नाही. "पण पाटीचं मी चुकलेलं नाही."

"तू गप्प बस," काकू म्हणाल्या, आणि त्याच दमात काकांना, "पाटीचं चुकलेलं नाही ते."

काका उठले आणि खिडकीकडे वळले. खाली रस्त्यावर ई-रिक्षांची कोंडी झाली होती, त्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता सगळं पुन्हा बिघडलं. ते म्हणाले, "तुला माझ्यासारखं जमणार नाही. सुरुवातीला हलवशील तू."

"मग शिकवा."

"आणि मी काय करू? दिवे?"

"दिवे तुम्हाला येत नाहीत," काकू म्हणाल्या. "पण शिकवीन."

दुरुस्तीचं पत्रक मी तिथेच बसून लिहिलं. बोटीवरची खरी वाक्यं लिहिली आणि मी ती बदलली होती हेही लिहिलं. स्टुडिओबद्दलचा भाग काकूंना वाचून दाखवला. त्यांनी 'शोषण' खोडायला सांगितलं. मी वाद घातला. चाळीस वर्षं नाव नसणं याला दुसरा शब्द नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. काकू म्हणाल्या, "असेल. पण तो शब्द मी वापरीन, मला वाटेल तेव्हा. तू माझ्यासाठी वापरू नकोस." मी खोडला. मग त्यांनी खाली सही केली, पूर्ण नावाने, सावकाश. पुढच्या महिन्यात सिनेमाच्या रविवारी हॉलमध्ये मी ते पत्रक मोठ्याने वाचलं. दोन मुलं मागे हसली, आणि एका बाईंनी विचारलं की आधीच्या सिनेमांतही मी असं केलं होतं का. मी म्हणाले, दोनतीन ठिकाणी, हो. तेव्हापासून माझ्याशेजारी इंग्रजी येणारं आणखी एक माणूस बसतं आणि मी वाकडं सांगितलं की टोकतं. मला त्याचा राग येतो. तरी मीच ती खुर्ची मांडते.

पण ते नंतरचं. स्टुडिओ त्या शनिवारनंतरच्या सोमवारी उघडला. शटर दोघांनी मिळून वर ढकललं, कारण सात दिवसांत ते आखडलं होतं. पाटी अजून लागलेली नाही. कुणाचं नाव आधी, यावर एकमत होत नाही, आणि रंगाऱ्याला त्यांनी दोनदा परत पाठवलं आहे.

मी सकाळी दहाला गेले तेव्हा पहिलं गिऱ्हाईक बसलेलं होतं. समथरहून बसने आलेली एक बाई, पन्नाशीची, नवी साडी नेसून. तिचा मुलगा फौजेत होता आणि त्याला फोटो पाठवायचा होता. मोबाइलवरचा त्याला नको होता, स्टुडिओतला, मोठा पाहिजे होता.

काका दिव्याच्या स्टँडशी आणि त्यावरच्या पांढऱ्या छत्रीशी झटत होते. दिवा बाईच्या डोळ्यांत जात होता, मग छताकडे गेला, मग काकांच्याच तोंडावर आला.

"खाली," काकू कॅमेऱ्यामागून म्हणाल्या. "अजून खाली. अहो, छत्री तिच्याकडे करा, पाऊस नाही पडत इथे."

बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काकांना विचारलं, "भैया, फोटू को खेंचहे?"

काकांनी घाम पुसला. एक क्षण त्यांचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेलेला मी पाहिला. मग ते म्हणाले, "वो खींचेंगी. हम लाइट देख रहे हैं."

बाईने नीट वळून काकूंकडे बघितलं. पदर डोक्यावरून थोडा मागे घेतला आणि मुलाला आवडेल म्हणून विचारलं, "जिज्जी, हम हँस दें का? हमाये मोड़ा खों अच्छो लगहे."

"हँसो ना," काकू म्हणाल्या. "किसने रोका है."

बाई हसली. आधी ओठ मिटून, मग काकांचा दिवा एकदम खाली घसरला तेव्हा खळखळून, पुढचा पडलेला दात दिसेल अशी. काका "थांब, थांब, मी परत लावतो" म्हणत वाकले.

काकू थांबल्या नव्हत्या. त्यांनी बटण दाबलं होतं.

तिघांनी कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर डोकी घातली. चेहऱ्याची एक बाजू अंधारात गेली होती, कडेला काकांची कोपरापासूनची बाही आली होती. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हललेला नाही."

"दुसरा काढते," काकू म्हणाल्या.

"नई," ती बाई पडद्यावरच्या त्याच फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "जेई दे दो."